पीक बसला

दाताच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा ऋजुताचा फोन आला. "मॅडम, पीक बसला," ती म्हणाली. मग तिचा आवाज भरून आला, पुढचे दोन शब्द नाकातच राहिले, आणि पुन्हा, "एकदम बसला, मॅडम. तुम्ही या लवकर." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या त्या पायरीवर तशीच उभी राहिले. उजवा गाल, अर्धी जीभ आणि खालचा ओठ भुलीच्या इंजेक्शनने बधिर झाले होते. काही विचारायला गेले असते तरी तोंडातून निघालं असतं ते माणसाचं बोलणं वाटलं नसतं. तरी मी तिला परत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. यंत्राच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, तो बाहेर कपाटात ठेवायचा, हा नियम माझाच. खाली रस्त्यावर एक माणूस गाडीवर पेरूंची रास लावत होता, आणि मला त्या पेरूंचा वास येत होता पण तोंडाला पाणी सुटत नव्हतं. मी सत्तावन्न वर्षांची बाई, रसायनशास्त्राची प्राध्यापक, भर रस्त्यात एका शब्दाने गारद झाले होते.

पीक म्हणजे शेतातलं नव्हे. ऋजुता सांगलीकडची, तिच्या आईने एकदा फोनवर मला विचारलं होतं, "मॅडम, आमची ऋजू सारखी पीक पीक करते, कुठलं पीक घेता तुम्ही तिकडं?" मी म्हटलं, "सोयाबीन." त्यावर ऋजुता दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. शेतातलं ते पीक आणि आलेखावरचा तो पीक. उजेडाचा एक प्रकार डोळ्यांना दिसत नाही, कातडीला ऊब म्हणून कळतो. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. तो आम्ही पदार्थातून आरपार सोडतो आणि त्यातला कुठला भाग गिळला गेला ते पाहतो. रेणूतला प्रत्येक बंध आपल्या तालात थरथरतो आणि आपल्या तालाचा तेवढाच उजेड खातो. जिथे खाल्ला तिथे आलेखावर टोक येतं, तो पीक. ऑक्सिजनला एकट्याला चिकटलेला हायड्रोजन ताठ असतो, त्याचा पीक सुईसारखा. पण शेजारी नायट्रोजन येऊन तोही त्याच हायड्रोजनला ओढू लागला, की बंध ढिला पडतो, पीक खाली सरकतो, रुंद होतो. आणि ही ओढाताण बरोबरीची झाली की सुई जाते आणि एक लांबलचक उंचवटा, म्हणजे बँड, उरतो. तो हायड्रोजन, म्हणजे आता नुसता प्रोटॉन, ऑक्सिजनकडून निघालेला असतो आणि नायट्रोजनकडे पोचलेला नसतो. असले उंचवटे बघण्यात माझं आयुष्य गेलं, आणि फार चांगलं गेलं. लोक विचारतात, याचा उपयोग काय. मी सांगते, तुमच्या पोटातलं प्रत्येक एन्झाइम हाच धंदा करतं, तुम्ही जेवलात तो उपयोग.

ऋजुताने तीन वर्षं खपून एक जोडी जमवली होती, एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजनवाला रेणू, आणि त्यांच्या स्फटिकात असा उंचवटा आला की जो मी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. तिने पेपर लिहून जर्नलला पाठवला. पुण्याच्या चर्चासत्रात तो मांडला तेव्हा डॉ. धनेश राजहंस उठले. या विषयात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. निदान त्यांना तरी तसं वाटतं. "हा प्रोटॉन नाही, ही हवा आहे," ते म्हणाले. "इंदूरच्या पावसाळ्यात तुमच्या नमुन्याच्या भुकटीत पाणी शिरलं. पाणीही असाच फुगवटा देतं." मग माझ्याकडे वळून, "सुलोचनाबाई, तुमच्याकडे पोहे वाफवतात म्हणे. नमुने वाफवू नका." सभागृह हसलं. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. आणि हसता हसता ठरवलं की या माणसाला उत्तर द्यायचं ते यंत्रानेच. राजहंसांनी तोच आक्षेप जर्नललाही लेखी कळवला. परत आल्यावर मी ऋजुताला म्हटलं, त्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घाल. तो त्याचाच भाऊ, पण वजनाने दुप्पट. वजन वाढलं की थरथर मंदावते. उंचवटा आपल्या प्रोटॉनचा असेल तर तो जागा सोडून खाली येईल, आणि नेमका कुठे येईल ते गणिताने आधी सांगता येतं. हवेतल्या पाण्याचा असेल तर त्या जागी काही येणार नाही, सपाट पडेल. जागा आधी काढायची, फळ्यावर लिहायची, मगच मोजायचं. मोजून झाल्यावर जागा काढणं म्हणजे पुस्तकामागचं उत्तर बघून गणित सोडवणं. आज ती मोजणार होती. जमलं तर राजहंसांचा आक्षेप संपला. नाही जमलं तर पेपर मागे, आणि तिची तीन वर्षं पाण्यात, अगदी अक्षरशः पाण्यात.

आणि आता ती रडत सांगत होती की पीक बसला. मी रिक्षाला हात केला. कॉलेज परदेशीपुऱ्याच्या पलीकडे. मोबाइलवर टाइप करून रिक्षावाल्याला पत्ता दाखवला तेव्हा त्याने आधी माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "दाँत निकलवाया क्या मॅडमजी? बोलो मत, बोलो मत. पन सीधे नी जाएगी, आगे झांकी की तैयारी चल री हे. घूम के ले लूँ?" मी मान हलवली. रिक्षा सुटली आणि मी ओठाला बोट लावून पाहत राहिले. बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं. परदेशीपुऱ्यात मी जन्मले, वाढले. तिथे आमच्या घरी 'बसणे' या शब्दाला वाईटच अर्थ होता. भिंत बसायची, घसा बसायचा, कुणाचा धंदा बसायचा. मग एका वर्षी गिरणी बसली. सगळी गल्ली हिंदीत म्हणत होती, मिल बैठ गई, आणि आम्ही तेच मराठीत म्हणत होतो. बाबा गिरणीत टाइमकीपर होते. बातमी आली त्या दिवशी आईने दार लोटून घेतलं, जणू कोणी वारलंय. बाबांनी मात्र इस्त्रीचा सदरा काढला, घातला, आणि समोरच्या जयसिंगरावांकडे गेले. मी त्यांच्या मागे होते. दारातूनच त्यांनी सांगितलं, "जयसिंगराव, गिरणी बसली. उद्यापासून मी घरी." मग शेजारच्या घरी, मग त्याच्या शेजारी, अशी पुरी गल्ली. कुठे टेकले नाहीत, कुठे चहा घेतला नाही. परत आले तेव्हा आई म्हणाली, "लोक तोंड लपवतात, तुम्ही दवंडी पिटून आलात." बाबा सदरा खुंटीला लावत म्हणाले, "लोकांनी येऊन कीव करायची, त्यापेक्षा मीच जाऊन सांगितलं. आता कोण येतंय बघू." कोणी आलं नाही. मला त्या संध्याकाळी बाबांचा इतका अभिमान वाटला होता की पुढे कितीतरी वर्षं मी कुठल्याही हरण्याला घाबरले नाही. नेटची परीक्षा दोनदा हुकली, तिसऱ्यांदा झाली. पुण्याची जागा हातची गेली, इंदूरची घेतली. प्रत्येक वेळी लोकांना मीच आधी सांगितलं, आणि सांगताना मान ताठ ठेवली.

वळणावर रिक्षा थांबली ती थांबलीच. रस्त्याच्या कडेला झांकीचा, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या चित्ररथाचा, सांगाडा उभा होता, आणि त्यावर एक प्रचंड राक्षस, अजून रंग न दिलेला, नुसताच पांढरा. त्याच्या जबड्याची मोटर तपासणं चाललं होतं. जबडा उघडायचा, अर्ध्यावर अडकायचा, खालून कोणीतरी शिवी हासडायचं, मग धाडकन मिटायचा. गिरण्या बंद होऊन इतका काळ लोटला, भोंगा ऐकलेली माणसं म्हातारी झाली, तरी दर अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या नावाच्या झांक्या निघतात. पगार नाही, गिरणी नाही, पण झांकी आहे. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. मला वाटत नाही. रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडला, "अरे भिया, राक्षस को बाद में खिला लेना, मरीज बेठी हे अंदर." कोणी ढिम्म हललं नाही. मी त्या जबड्याकडे बघत होते आणि मनात शब्द जुळवत होते. राजहंसांना आज ना उद्या कळणारच होतं. जर्नलवाले त्यांनाच विचारतील. मग ते कुठल्या तरी चहापानात वाफेचा विनोद पुन्हा करतील, लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतील, असू द्या हो, होतं असं. ती कीव मला नको होती. मी मोबाइल काढला आणि एका दमात लिहिलं: डॉ. राजहंस, ड्यूटेरियमचा प्रयोग झाला. बँड टिकला नाही. आपला आक्षेप बरोबर होता. पेपर आम्ही मागे घेत आहोत. सुलोचना. एकदा वाचलं. शुद्धलेखन नीट होतं. पाठवलं.

पाठवताच मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. इस्त्रीचा सदरा घातल्यासारखं वाटलं. उत्तर राक्षसाचा जबडा दुरुस्त व्हायच्या आत आलं: आपल्या प्रांजळपणाचं कौतुक वाटतं, सुलोचनाबाई. मी तेव्हाच म्हटलं होतं. मोठ्या मनाने घेतलंत. पुढे हात जोडलेलं चित्र. हे वाचून माझ्या जिवंत असलेल्या अर्ध्या चेहऱ्याला घाम आला. हरलेल्या माणसाचं कौतुक किती स्वस्तात करता येतं. मला उगाचच मागच्या वर्षीचं इंदूरच्या लालबागेजवळचं व्याख्यान आठवलं, आपल्या इथल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं. मी प्रोटॉनबद्दल बोलले, आणि अध्यक्ष, चिंतामण नावाचे निवृत्त बँक अधिकारी, आभार मानताना सद्गदित झाले. म्हणाले, "म्हणजे तो प्रोटॉन अगदी आपल्यासारखाच म्हणायचा, इंदूरच्या मराठी माणसासारखा. ना इकडचा ना तिकडचा, बेचारा." टाळ्या पडल्या. मी उठून माइक परत घेतला. म्हटलं, "तो बेचारा नाही. दोघांनी एकाच वेळी धरलेला आहे, आणि त्याच्यामुळेच ती जोडी टिकून आहे. ना इकडचा ना तिकडचा हे नुसतं भाषण झालं. मोजमापात तो दोन्हीकडचा निघतो." टाळ्या पडल्या नाहीत. विज्ञानाची गोष्ट करून सांगणं मला मुळीच खपत नाही. रेणू आपल्या जागी, माणसं आपल्या जागी. पण त्या दिवशी मी ते किती ठसक्यात बोलले होते, आणि आता तोच प्रोटॉन माझा नव्हता, हवेचा होता. बाजूने एक टेम्पो गेला आणि रिक्षाला वाट मिळाली.

कॉलेजच्या जिन्यावर मी मुद्दाम सावकाश चढले, साडीच्या निऱ्या नीट केल्या. रडणाऱ्या मुलीसमोर जायचं तर आपण नीटनेटकं असावं. तिला काय सांगायचं ते ठरलं होतं: सहा महिने वाढवून घेऊ, दुसरी जोडी घेऊ, मी आहे. यंत्राच्या खोलीत थंडगार कोरडी हवा होती, आणि ऋजुता स्टुलावर बसली होती, डोळे लाल, केसांत पेन्सिल. मी दार लावलं आणि विचारलं, थोडं तरी उरलं का. जिभेने त्याचं "थोलं तली उललं का" केलं. ती बावचळली. "उरलं म्हणजे? काय उरायचंय? मॅडम, बघा की." तिने आलेख माझ्यापुढे सरकवला. फळ्यावर मागच्या आठवड्यातला आकडा होता, तिच्या अक्षरात, खाली माझी सही. आलेखावर त्या आकड्याशी पेन्सिलची उभी रेघ होती. आणि त्या रेघेवर, मधोमध, तो उंचवटा होता. जुन्या जागेवर काही नव्हतं. "बसला ना?" ऋजुता म्हणाली. "फोनवर सांगितलं ना तुम्हाला, एकदम बसला. मला तर रडूच आलं."

मी खुर्ची ओढली आणि बसले. सांगलीकडे झाकण डब्याला बसतं. किल्ली कुलपाला बसते, पोलकं अंगाला बसतं, नाटक बसतं. हे सगळं मला ठाऊक होतं, पुस्तकांत वाचलं होतं, स्वतः लिहिलंही असेल. पण कानाने आपल्या गल्लीतलं ऐकलं. आमच्याकडे एखादी गोष्ट चपखल जागी लागली की आम्ही म्हणतो जमली, नाहीतर फिट झाली. आणि 'एकदम बैठ गया' म्हणजे त्यात आता राम नाही. मी तो उंचवटा पुन्हा पाहिला, चष्मा काढून पाहिला, बोट ठेवून पाहिला. किती देखणा होता. दोन्ही बाजूंना सारखा उतार, वरचा माथा थोडा चपटा, पाण्याच्या पीकची कुठे खूण नाही. मला इतका आनंद झाला की काही क्षण मी रिक्षातलं सगळं विसरले. ही मुलगी आली तेव्हा भुकटी दाबून नमुन्याची चकती करताना ती हमखास मोडून ठेवायची. आता तिने असं काम केलं होतं की जे माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते माझ्या खोलीत, माझ्या शहरात झालं होतं. मग मांडीवरचा मोबाइल वाजला, राजहंसांचा दुसरा मेसेज: जर्नलला मी कळवू की आपण? मी मोबाइल ऋजुताच्या हातात दिला.

तिने वाचलं. बोटाने मेसेज वर सरकवले, पुन्हा खाली आणले. मला वाटलं रडेल, पण तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रडू एकदम वाळलं. "हे तुम्ही केव्हा पाठवलं?"

मी रस्त्याकडे बोट केलं.

"मला न विचारता?"

"फोन उचलला नाहीस," मी जमेल तसं म्हटलं.

"फोन कपाटात होता. नियम तुमचा आहे." ती हळू आवाजात बोलत होती, आणि त्या आवाजात मी तिला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, समजा खरंच पडला असता. तरी हार माझी होती ना? तीन वर्षं मी घातलीत. तुम्ही ती परस्पर कुणाला तरी देऊन टाकलीत. मला निदान एकदा नीट बघू तरी द्यायचं होतं, कुठं चुकलं ते."

मी बाबांचा सदरा डोळ्यांसमोर आणायला गेले. आला नाही. बाबांनी आपली नोकरी गेल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाची गेल्याचं सांगत ते कधी फिरले नव्हते. इतक्या वर्षांत हा फरक मला सुचला नव्हता, आणि तो सांगलीच्या एका पोरीने स्टुलावर बसून माझ्या पदरात टाकला होता. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." भुलीमुळे ते तिला कितपत कळलं कोण जाणे. मग मी मोबाइल घेतला, राजहंसांचं नाव काढलं, आणि बोलायला तोंड उघडलं तर लाळच आली. रुमाल लावला. ऋजुताने शांतपणे माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "मी बोलते." तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून यंत्राच्या झाकणावर ठेवला. यंत्राच्या खोलीत मोबाइल वाजत होता. नियम माझाच होता.

"बोला सुलोचनाबाई," राजहंस म्हणाले.

"सर, मी ऋजुता. पेपर माझा आहे. तो मेसेज गलतफहमीतून गेला. पेपर मागे नाही."

"असं कसं? तुमच्या मॅडमनी स्वतः लिहिलंय."

"सर, एक मिनिट रुका, पहले माझं पूर्ण ऐका." तीन वर्षं ही मुलगी माझं हिंदी मिसळलेलं मराठी ऐकून नाक मुरडत आली होती, मी 'परेशान' म्हटलं की ही 'हैराण' म्हणून दुरुस्त करायची. आता तिला स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडतंय याचा पत्ता नव्हता. "बँड सरकला. जिथं सांगितलं होतं तिथंच आला."

"नमुना कोरडा होता कशावरून?"

"यावेळी भुकटी वापरलीच नाही, सर. तुम्ही भुकटीवर बोट ठेवलं होतं ना, म्हणून. स्फटिक सरळ ठेवला, कोरड्या नायट्रोजनमध्ये. पाण्याचा पीक कुठंच नाही. तीन वेगळे स्फटिक घेतले, तिन्हींत तेच."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. राजहंसांबद्दल मी काहीही म्हणत असले, तरी माणूस विषयातला आहे. ते विनोद करायचं विसरले होते. "जागा मोजण्याआधी काढली होती की नंतर?"

"आधी. फळ्यावर आहे, मॅडमची तारखेसकट सही आहे. फोटो टाकू?"

"टाक," ते म्हणाले. ऋजुताने फळ्याचा फोटो काढून पाठवला. मी खुर्चीत ताठ बसले होते, रुमाल तोंडाला, आणि माझा सगळा अभिमान, जो इतकी वर्षं मी एकटीने उचलून नेत होते, त्या स्टुलावरच्या मुलीकडे निघून गेलेला मला दिसत होता. मला तो परत नको होता. "हे खरं असेल," राजहंस अखेर म्हणाले, "तर मला माझं म्हणणं जर्नलला लेखी मागे घ्यावं लागेल."

"हाँ सर, ते तर लागेलच."

ते हसले, या वेळी जरा वेगळं. "बोलतेस छान. कुठली तू? सांगली, कोल्हापूर? बोलण्यावरून नीट लक्षात येत नाही."

ऋजुताने केसांतली पेन्सिल काढली आणि आलेखाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहायला घेतलं.

"इंदूरची, सर," ती म्हणाली.

हे विधान साफ चुकीचं होतं, आणि चुकीचं विधान मी सहसा खोडल्याशिवाय सोडत नाही. हे सोडलं.